छळाच्या नात्यातून बाहेर पडताना: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

अकरा वर्षांच्या लग्नातून मी बाहेर पडले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पाऊल उलट्या क्रमाने टाकलं होतं. गेली काही वर्षं आमच्या शहरातल्या एका मदत गटात आठवड्यातून दोन दुपारी बसते. तिथे येणाऱ्या बायकांकडे धैर्य भरपूर असतं, पण क्रम चुकलेला असतो. आधी भांडणाच्या भरात ‘मी चालले’ म्हणून टाकलेलं असतं आणि कागदपत्रांची आठवण नंतर होते. तोवर कपाटाची किल्ली जागेवर नसते, लॉकर रिकामा झालेला असतो आणि माहेरी फोन जाऊन ‘तिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असं सांगून झालेलं असतं.

म्हणून हा लेख क्रमासाठी आहे. उदाहरणं लग्नातली आणि महाराष्ट्रातली आहेत, कारण मला तेच जवळून माहीत आहे. लिव्ह-इनमध्ये असाल तरी बहुतेक टप्पे तसेच लागू होतात. पुरुष वाचत असाल, तर सातव्या टप्प्यातला स्त्रियांसाठीचा कायदा तुम्हाला लागू नाही. बाकीचं सगळं तुमच्याही कामाचं आहे.

आधी हे: आत्ता मार बसतोय किंवा बसण्याची भीती आहे, तर वाचत बसू नका. ११२ वर फोन करा. स्त्रियांसाठीची हेल्पलाइन १८१. आणि तुमचा फोन कुणी तपासत असेल, तर हा लेख त्या फोनवर ठेवू नका.

## टप्पा १: जे घडतं ते तारखेसह लिहा

निर्णय नंतर घ्या, लिहिणं आज सुरू करा. छळाच्या नात्यात सगळ्यात आधी आपला स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास जातो. ‘मी असं बोललोच नाही’, ‘तुला स्वप्न पडलं असेल’, ‘तू वेडी झालीयेस’ हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की मार खाल्लेली बाईसुद्धा म्हणते, ‘तसं फार काही नव्हतं, माझंच चुकलं असेल.’ चार महिन्यांची नोंद समोर असली की हा गोंधळ खूप कमी होतो.

नोंद कोरडी ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोणते शब्द वापरले, कुणी पाहिलं. ‘तो राक्षस आहे’ असं लिहू नका. ‘१२ तारखेला रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उजव्या दंडाला धरून भिंतीवर ढकललं, मोठी मुलगी दारात उभी होती’ असं लिहा. मन हलकं करायला वेगळी वही करा. ही वही पुढे वकिलाच्या हातात जाणार आहे.

फक्त मारच लिहायचा असंही नाही. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार मोजले आहेत. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, तुमचे दागिने परस्पर गहाण टाकणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं हे सगळं त्यात बसतं.

नेहमीची चूक: वही गादीखाली ठेवणं. ती सापडतेच. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. नाहीतर त्याला माहीत नसलेल्या ईमेलवरून स्वतःलाच पाठवत राहा आणि दर वेळी लॉगआउट करा.

## टप्पा २: धोका किती आहे ते ओळखा

हा टप्पा लोक गाळतात आणि तोच गाळायचा नसतो. निघण्याच्या सुमाराचा आणि निघाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे समोरच्याला तेव्हाच कळतं.

यातलं काही घडलंय का?

- कधीही, एकदा जरी, गळा दाबला आहे
- घरात हत्यार आहे किंवा हत्यार दाखवून धमकी दिली आहे
- ‘तुला मारीन आणि मग स्वतःला संपवीन’ असं म्हटलं आहे
- गरोदरपणात मारलं आहे
- पाळत ठेवतो, मागे येतो, तुमच्या हालचालींची खबर ठेवतो
- मार वाढत चाललाय, पूर्वी महिन्याला होता तो आता आठवड्याला होतो

एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर एकटीने निघू नका. आधी १८१ वर, पोलिसांच्या महिला कक्षात किंवा सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) बोला आणि निघण्याची योजना त्यांच्यासोबत करा. गळा दाबण्याबद्दल विशेष सांगते. बाहेरून वळ दिसत नसले तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसला, गिळताना दुखलं, डोळ्यांत लाल ठिपके आले, चक्कर आली, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि कारण खरं सांगा. ‘पाय घसरला’ असं सांगितलं, तर कागदावर तेच येतं आणि पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

## टप्पा ३: कागद, पैसे, सोनं

इथे घाई नको. एकेक वस्तू, दोन-तीन आठवड्यांत.

कागद. तुमचं आणि मुलांचं आधार, पॅन, पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, लग्नाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो, तुमची शैक्षणिक प्रमाणपत्रं, रेशनकार्डाची प्रत, औषधांच्या चिठ्ठ्या. मूळ कागद एकदम उचलले तर लक्षात येतं. आधी सगळ्यांचे फोटो काढा, मूळ निघायच्या दिवशी घ्या. नवऱ्याची पगारपत्रकं, आयकराचे कागद, कर्जाचे हप्ते, घराचा करारनामा यांचे फोटो तर नक्की काढा. पोटगीच्या वेळी ‘मला काहीच मिळत नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलं आहे. तुमच्या हातातले फोटो ते प्रतिज्ञापत्र तपासायला उपयोगी पडतात.

पैसे. वेगळ्या बँकेत, फक्त तुमच्या नावावर खातं. आहे त्याच बँकेत नको, कारण तिथले कर्मचारी घरच्यांना ओळखत असतात आणि ‘वहिनींनी नवीन खातं काढलं का?’ असं सहज बोलून जातात. शाखेत जाऊन कागद देऊन काढा. मोबाइलवरून काढायला गेलात तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर जाईल आणि तो नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो. पत्रव्यवहाराचा पत्ता माहेरचा किंवा मैत्रिणीचा द्या.

सोनं. लग्नात आणि लग्नानंतर तुम्हाला मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे, ते तुमचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. पण दागिने हातातून गेल्यावर ते परत मिळवायला वर्षं जातात. लग्नाच्या अल्बममधले, अंगावर दागिने स्पष्ट दिसतील असे फोटो वेगळे काढा. सोनाराच्या पावत्या माहेरी असतील तर त्या शोधायला सांगा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर तो दोघांपैकी कुणालाही एकट्याने उघडता येतो का, हे बँकेत विचारून घ्या. बहुतेक वेळा येतो.

तपासा: आज रात्री निघावं लागलं, तर दहा मिनिटांत काय उचलाल? ती यादी पाठ हवी. एक पिशवी शेजारी, मैत्रिणीकडे किंवा ऑफिसात आधीच ठेवा. त्यात दोन जोड कपडे, औषधं, रोख पैसे, चार्जर, मुलाचं आवडतं खेळणं. शेवटचं विसरू नका. त्या पहिल्या रात्री ते कागदांपेक्षा जास्त लागतं.

## टप्पा ४: फोन

नवा साधा फोन आणि नवं सिम, तुमच्या नावावर, घराबाहेर ठेवलेलं. इथून पुढचं सगळं महत्त्वाचं बोलणं त्याच फोनवरून.

जुन्या फोनमध्ये फक्त पाहून घ्या. व्हॉट्सॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसतो का? गूगल खात्यात किती उपकरणं जोडलेली आहेत? रिकव्हरी नंबर कुणाचा? गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअर होतंय का? टॅक्सी आणि जेवण मागवायचं ॲप एकाच खात्यावर असेल, तर तुम्ही कुठे उतरलात हे त्याला घरबसल्या दिसतं. गाडीचा फास्टॅग त्याच्या नंबराशी जोडलेला असेल, तर टोलनाक्याचा एसएमएस त्याच्याकडे जातो. आमच्या गटातल्या एकीचा पत्ता असाच कळला होता. ती पुण्याहून निघाली, आणि ती कोणत्या रस्त्याला लागली हे टोलच्या मेसेजनेच सांगितलं.

सावध: हे सगळं दिसलं की लगेच बंद करावंसं वाटतं. घरात असेपर्यंत बंद करू नका. अचानक सगळं बंद झालं की त्याला कळतं, आणि मग तुम्ही तयार नसताना स्फोट होतो. पासवर्ड बदलणं, लिंक तोडणं, लोकेशन बंद करणं हे निघायच्या दिवशी, घराबाहेर पडल्यावर. आधारचा मोबाइल नंबरही बाहेर पडल्यावर आधार केंद्रावर जाऊन बदला. बोटांचे ठसे देऊन तो बदलता येतो, जुना नंबर हाताशी असावा लागत नाही.

## टप्पा ५: कुणाला सांगायचं, कुणाला नाही

दोन माणसं पुरेत. तीन झाली की बातमी फुटते.

माणूस निवडताना प्रेम किती आहे हे पाहू नका, तोंड किती बंद राहतं ते पाहा. आई खूप प्रेम करते, पण रडत रडत जावयालाच फोन करते आणि ‘बाबा रे, सांभाळून घे’ म्हणते. माझ्या बाबतीत हेच झालं आणि तिच्यावर मी आजही रागावू शकत नाही. ‘दिल्या घरी सुखी राहा’ हेच तिला शिकवलं गेलं होतं. पण त्या एका फोनमुळे माझं निघणं आठ महिने लांबलं.

निवडलेल्या माणसाशी एक खुणेचं वाक्य ठरवा. ‘मावशी, तुमची कढई परत द्यायची राहिली’ असा मेसेज आला की पोलिसांना फोन करायचा. मुलं मोठी असतील तर त्यांना योजना सांगू नका. भांडण सुरू झालं की कोणत्या घरी पळायचं आणि ११२ कसा लावायचा, एवढंच शिकवा. गुपित सांभाळायचं ओझं त्यांच्यावर टाकू नका.

## टप्पा ६: निघण्याचा दिवस

तो घरात नसताना निघा. समोरासमोर सांगून निघायचा हट्ट करू नका. ‘मला त्याला डोळ्यांत डोळे घालून सांगायचंय’ ही इच्छा मला पूर्ण समजते, पण नेमका याच वेळी मार बसण्याचा धोका मोठा असतो.

क्रम असा:

1. मुलं शाळेत असतील तर आधी घर, मग शाळा. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या.
2. मूळ कागद, दागिने, औषधं घ्या. फक्त तुमचं आणि मुलांचं. त्याचं काहीही घेऊ नका. त्याचं घड्याळ नेलं तरी चोरीची तक्रार होते.
3. घराचा, कपाटाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. ‘घर धुऊन नेलं’ या आरोपाला तोच उत्तर देतो.
4. बाहेर पडल्यावर चौथ्या टप्प्यातलं सगळं बंद करा आणि पासवर्ड बदला.
5. जिथे पोहोचलात तिथल्या पोलीस ठाण्यात त्याच दिवशी लेखी द्या: ‘मी अमुक कारणाने स्वतःच्या इच्छेने घर सोडलं आहे, मुलं माझ्यासोबत सुरक्षित आहेत.’ नाहीतर संध्याकाळपर्यंत तुम्ही हरवल्याची किंवा मुलं पळवल्याची तक्रार होते.

राहायला जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहता येतं. पुढे आधारगृहाची सोय तिथूनच होते.

## टप्पा ७: कायद्याची पावलं

थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येकीचा खटला वेगळा असतो आणि वकील लागतोच. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००.

पहिली भेट घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याची घ्या. ते घटनेचा अहवाल तयार करतात, त्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात. त्यानंतर त्याच कायद्याच्या कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हा अर्ज तुम्ही सध्या जिथे राहताय तिथेही करता येतो, त्यासाठी सासरच्या गावी जायची गरज नाही. एकाच अर्जात संरक्षणाचा आदेश, राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा आणि स्त्रीधन परत मिळणं, सगळं मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. २०२० च्या सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात खूप जास्त वेळ लागतो. म्हणून पहिल्याच तारखेला कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायला वकिलाला आठवण करा.

संरक्षणाचा आदेश मिळाला की त्याची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन द्या. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ठाण्यातल्या माणसाला आदेश झालाय हेच माहीत नसेल तर रात्री दोन वाजता वाद घालण्यात वेळ जातो.

तीन चुका, ज्या रोज दिसतात:

‘पोलिसांत केस केली’ असं सांगितलं जातं आणि कागद बघितला तर एनसी असते. अदखलपात्र नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. तरी ती निरुपयोगी नाही, प्रत मागून घ्या. छळाचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो, पूर्वीचं ४९८-अ. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो.

दुसरी चूक बैठकीतली. चार मोठी माणसं बसतात, स्टँप पेपर आणतात आणि सोडचिठ्ठीवर सही घेतात. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीच्या कागदाने मोडत नाही. रूढीने काडीमोड चालते हे न्यायालयात सिद्ध करता आलं, तरच अपवाद. आणि त्या कागदात तुम्ही पोटगी आणि दागिन्यांवर पाणी सोडल्याचं एक वाक्य हळूच घातलेलं असतं. न वाचता, वकिलाला न दाखवता कुठेही सही करू नका.

तिसरी: मेसेजचे स्क्रीनशॉट काढले म्हणून जुना फोन विकून टाकणं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन असला की ते काम सोपं होतं. फोन फुटला असला तरी ठेवा.

## टप्पा ८: संपर्क बंद ठेवा

सगळी मेहनत वाया जाते ती इथे. निघणं एका दिवसाचं असतं, उत्तर न देणं रोजचं.

मेसेज ठरावीक क्रमाने येतात. आधी राग. मग माफी, जुने फोटो, ‘आपलं गाणं’. मग आजारपण: त्याचं, नाहीतर त्याच्या आईचं. मग सण. गणपतीत आणि दिवाळीत परत गेलेल्या बायका मी सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत, कारण रिकाम्या खोलीत दिवा लावताना हात थरथरतो आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. मग ‘शेवटचं एकदा भेटू, नीट बोलून संपवू’. ती शेवटची भेट घेऊ नका. संपवण्यासाठी त्याच्या परवानगीची गरज नाही.

त्याने आत्महत्येची धमकी दिली तर तुम्ही धावत जायचं नाही. ११२ ला फोन करून त्याचा पत्ता द्या, त्याच्या भावाला किंवा मित्राला कळवा आणि तिथेच थांबा. धमकी खरी असेल तर योग्य माणसं त्याच्यापर्यंत पोहोचतील. मेसेज जपून ठेवा.

एक गोष्ट कळायला मला फार वेळ लागला. पन्नास मिस्ड कॉलनंतर एकदा वैतागून फोन उचलला, तर त्याने शिकलेलं असतं की पन्नास कॉल लागतात. पुढच्या वेळी तो साठ करेल. शिवी द्यायला जरी उचललात तरी उत्तर मिळालंच. पूर्ण बंद ठेवणं हे अधूनमधून उत्तर देण्यापेक्षा सोपं जातं.

मुलं असतील तर पूर्ण बंद करता येत नाही. मग एकच मार्ग ठेवा, शक्यतो ईमेल किंवा वेगळा नंबर, आणि दिवसातून एकदाच पाहा. उत्तर फक्त मुलाबद्दल, दोन ओळींत, विशेषणं न वापरता.

तो: ‘तुझ्यासारख्या आईमुळे पोर आजारी पडलं. तुला फक्त पैसा हवा. शनिवारी आणून सोड नाहीतर बघ.’

तुम्ही: ‘ताप उतरला आहे. शनिवारी दहा वाजता ठरलेल्या जागी.’

एवढंच. आरोपाला उत्तर नाही, सफाई नाही. पहिल्या काही महिन्यांत असा मेसेज आधी मैत्रिणीला पाठवा, तिने ‘पाठव’ म्हटल्यावरच पाठवा. मुलाची देवाणघेवाण सार्वजनिक जागी, तुमच्यासोबत एक माणूस. आणि मुलाच्या तोंडून निरोप पाठवणं दोन्ही बाजूंनी बंद. त्याने पाठवले तरी तुम्ही पाठवू नका.

मध्यस्थ. मामा येतात, मोठ्या वन्सं येतात, सोसायटीतले काका येतात. सगळे वाईट नसतात. पण त्यांच्याजवळ बोललेलं प्रत्येक वाक्य त्याच रात्री त्याच्यापर्यंत पोहोचतं. चहा द्या, तब्येत विचारा आणि विषय निघाला की म्हणा, ‘हे सगळं मी वकिलांमार्फतच बोलते, मामा.’ पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य, शब्दही न बदलता. नवं कारण दिलंत की त्या कारणावर चर्चा सुरू होते.

तपासा: गेल्या सात दिवसांत त्याचं प्रोफाइल किती वेळा उघडलं? रोज उघडत असाल तर ब्लॉक फक्त फोनमध्ये झालाय. हात शिवशिवला की बहिणीला फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

## टप्पा ९: शरीर आणि मन सावरणं

निघाल्यावर पहिल्या रात्री शांत झोप लागेल असं सगळ्यांना वाटतं. पुष्कळ जणींना उलट होतं. झोप उडते, दारावर टकटक झाली की छातीत धडधडतं, स्वयंपाकात मीठ दोनदा पडतं. शरीर अजून पहाऱ्यावर असतं. यात तुमचं काही बिघडलेलं नाही, पण दुर्लक्षही करू नका. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा ठरवा, रोज चाला, आणि डॉक्टरांकडे जाऊन एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. जुनी दुखापत, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी अशा वेळी लक्षात येतात.

आणि हो, त्याची आठवण येते. खूप येते. मारणाऱ्याची आठवण का येते याची लाज वाटून बायका ते कुणाला सांगत नाहीत आणि मग एकट्याच परत जातात. तणाव, स्फोट, मग मनधरणी हा फेरा वर्षानुवर्षं फिरलेला असतो. मार आणि माया एकाच हातून मिळाली की ओढ कमी व्हायच्या ऐवजी घट्ट होते. आठवण आली तर येऊ द्या. पहिल्या टप्प्यातली वही काढा आणि कोणतीही तीन पानं मोठ्याने वाचा. मी एका कागदावर सात तारखा लिहून त्या आरशाच्या मागे चिकटवल्या होत्या.

समुपदेशन घ्या, पण एकटीने. हिंसा होत असलेल्या नात्यात दोघांनी एकत्र बसून समुपदेशन घेणं सुरक्षित नाही. तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर महागात पडतं. पैसे नसतील तर टेली-मानस, १४४१६, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असे विचार आले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी हा नंबर लावा आणि जवळच्या एका माणसाला शेजारी बसायला बोलवा.

पहिलं वर्षभर मोठे निर्णय टाळा: घर विकणं, उधार देणं, भागीदारी, दुसरं लग्न.

## टप्पा १०: नवी माणसं, आणि मदतीच्या रूपात येणारे

ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो धोका हा. बाहेर पडलेली बाई थकलेली असते, एकटी असते, कुणीतरी ‘मी आहे ना’ म्हणावं असं तिला वाटत असतं. हे हेरणारी माणसं असतात. दुसरा छळणारा पुष्कळदा मदतनीस होऊन येतो: कोर्टात ओळखी असलेला ‘दादा’, ग्रहशांती सांगणारे महाराज, ऑफिसातला फार समजूतदार सहकारी, घर मिळवून देणारी नवी मैत्रीण. पुरुषच असतो असंही नाही.

चांगला माणूस आणि हेरणारा माणूस पहिल्या भेटीत सारखेच दिसतात. फरक वेगात आणि ‘नाही’ ऐकल्यावर दिसतो.

वेग पाहा. दोन आठवड्यांत ‘तुझ्यासारखं कुणी भेटलंच नाही’, तीन आठवड्यांत दिवसाला चाळीस मेसेज, महिन्यात ‘आपण एकत्र राहू’. वेग स्वतः कमी करा आणि काय होतं ते पाहा. थांबणारा माणूस थांबतो. घाई असलेला रुसतो.

छोटं ‘नाही’ म्हणून पाहा. मुद्दाम, बिनमहत्त्वाच्या गोष्टीला. ‘आज नको, रविवारी भेटू.’ उत्तर ‘बरं’ असेल तर ठीक. ‘माझ्यासाठी एवढंही नाही?’, अबोला, किंवा दारात येऊन उभं राहणं यांतलं काही झालं, तर हवं ते उत्तर मिळालं.

तक्रार करून पाहा. ‘काल सगळ्यांसमोर तसं बोललास ते मला आवडलं नाही.’ चूक मान्य करणारा माणूस तुमच्याबद्दल बोलतो. फसवणारा आधी ‘मी असं बोललोच नाही’ म्हणतो, मग तुमच्यावर उलटतो, आणि शेवटी स्वतःच दुखावलेला होतो. दहा मिनिटांनी तुम्हीच माफी मागत असाल, तर ही चाल तुम्ही आधी पाहिलेली आहे.

गुप्तता आणि पैसे. ‘आपल्यातलं कुणाला सांगू नकोस’ आणि ‘दोन दिवसांसाठी दहा हजार’ यांपैकी एकही वाक्य आलं की थांबा. पहिली रक्कम छोटी असते आणि परतही मिळते. ती पुढच्या मोठ्या रकमेसाठी असते.

वकिलालाही हे नियम लावा. फीची पावती, प्रत्येक अर्जाची प्रत आणि पुढची तारीख मागा. ‘तुम्हाला कळणार नाही, ताई, माझ्यावर सोडा’ असं वारंवार ऐकू आलं तर वकील बदला. खटल्याची स्थिती ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाकून स्वतः पाहता येते.

दुसऱ्या लग्नाचा विचार करत असाल तर लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावरच्या ‘घटस्फोटित’ या शब्दावर जाऊ नका. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पाहा. अपिलाची मुदत ९० दिवसांची असते, ती संपली का आणि अपील दाखल आहे का, हेही पाहा. त्याच्या आधीच्या बायकोबद्दल तो काय बोलतो ते ऐका. ‘वेडी होती, पैशांसाठी खोट्या केसेस केल्या’ हे तुमच्याबद्दलही कुणीतरी कुठेतरी बोलत असतंच. शक्य असेल तर तिच्याकडची बाजू एखाद्या नातेवाइकाकडून काढा. कागद मागितल्यावर ‘विश्वास नाही का?’ असं विचारणाऱ्याला सरळ सांगा, ‘अजून नाही. वेळ लागेल.’

सावध राहायचं म्हणजे सगळ्यांना तोडायचं असंही नव्हे. माणसं लागतातच. सुरुवात हलक्या नात्यांपासून करा: भिशी, भजनी मंडळ, सकाळी चालायला येणाऱ्या बायका, वाचनालय. तिथे कुणाला तुमची सगळी गोष्ट सांगायची गरज नसते. एखादी छोटी गोष्ट सांगून पाहा आणि ती महिन्याने दुसऱ्याच कुणाकडून कानावर येते का, ते बघा. आली नाही तर पुढची सांगा.

दर तीन महिन्यांनी कॅलेंडरवर एक खूण करून ठेवा. त्या दिवशी पासवर्ड बदला, गूगल खात्यातली उपकरणं पाहा, बँकेचा आणि विम्याचा वारसदार कोण आहे ते तपासा. वारसदाराच्या रकान्यात बहुतेक जणींकडे अजून जुनंच नाव असतं. मी माझं बदललं ते निघाल्यानंतर तिसऱ्या वर्षी, बँकेतल्या एका मुलीने काउंटरवर विचारलं म्हणून.